तापणारा कॉम्प्युटर आणि बोटीवरचे फोन

आमच्या महाडच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा नवऱ्याची रजा संपत आली होती. ते बोटीच्या इंजिनरूममध्ये फिटर होते. वर्षातला बराचसा काळ पाण्यावर, मधे दोन-तीन महिने घरी, असा आमचा संसार. मी दासगावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आम्हाला मूल नव्हतं. सासूबाई कापड्याला राहायच्या. शेती आणि म्हशी सोडून महाडात यायला त्या तयार नव्हत्या. ते बोटीवर गेले की घरात मी एकटी.

कॉम्प्युटर त्यांच्याच डोक्यातून निघाला. बोटीवरच्या एका सोबत्याची बायको त्याला ई-मेल पाठवायची आणि बोट बंदराला लागली की तो सायबर कॅफेत जाऊन वाचायचा.

"तू पण लिहीत जा," ते म्हणाले. "फोनवर काय, खुशाली विचारीपर्यंत लाइन तुटते."

तयार मशीन घ्यायचं नाही, सुटे भाग आणून आपणच जोडायचं, हेही त्यांनीच ठरवलं. इंजिन खोलून बसवणाऱ्या माणसाला त्यात अवघड काय वाटणार? मुंबईहून खोकी आली. जेवायच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही बसलो. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी वाचून मराठीत सांगायची, ते स्क्रू आवळायचे. मधेच मी बॅटरी धरायची. "अगं, हात हलवू नको," असं ते म्हणायचे आणि मी मुद्दाम हलवायची. लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती, पण एकत्र बसून एखादं काम केल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

प्रोसेसरवर पांढरी पेस्ट लावून त्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवायचा होता. ते तो बसवत असतानाच कंपनीचा फोन आला. बोट ठरल्यापेक्षा आधीच निघणार होती, आठवड्याच्या आत हजर व्हायचं होतं. फोन ठेवून ते परत टेबलाशी आले, ठोकळ्याच्या दोन्ही खिट्ट्या दाबल्या, पंख्याची वायर जोडली. बाकीचं काम आम्ही फारसं न बोलताच उरकलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू झाला. बॅग भरायच्या गडबडीत तो एकदा दहा मिनिटं चालवून बघितला, एवढंच.

ते गेले आणि त्या आठवड्यात मी पहिलं पत्र टाइप करायला बसले. मराठी टाइप करता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होते. अर्धं पत्र झालं आणि मशीन आपोआप बंद पडलं. वाटलं, वीज कमी-जास्त झाली असेल. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. यूपीएस तपासून घेतला. तरी तेच.

बाजारपेठेत एक कॉम्प्युटर क्लास होता. तिथले सर घरी आले. मशीन सुरू होताना त्यांनी एक बटण दाबलं, निळा पडदा आला आणि त्यात प्रोसेसरचं तापमान दिसलं. बघता बघता आकडा ऐंशीच्या वर गेला.

"मॅडम, हा फार तापतोय. जास्त तापला की स्वतःच बंद होतो, जळू नये म्हणून," ते म्हणाले. "पंखा बदलून बघू."

पंखा बदलला. फरक पडला नाही. मी मशीन खिडकीपासून हलवलं, पेटीची एक बाजू उघडी ठेवली, समोर टेबलफॅन लावला. आकडा दोन-तीन अंशांनी उतरायचा आणि परत चढायचा. क्लासचे सर म्हणाले, प्रोसेसरच खराब असेल, मुंबईला पाठवून द्या. मी पाठवला नाही.

मधल्या काळात सासूबाई तांदूळ घेऊन आल्या. उघड्या पेटीसमोर फिरणारा टेबलफॅन बघून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"काय गो, मानसाला वारा नाय नि डब्याला वारा?"

"तापतो हो आई."

"मंग बंद ठेव. लेकाचं माझ्या काय कळलं?"

"बरे आहेत. पंधरा दिवसांपूर्वी फोन आला होता."

"काय बोल्ला?"

मी आठवायला लागले. कॉम्प्युटर तापतो का, किती तापतो, एवढंच आम्ही बोललो होतो. "तब्येत बरी आहे म्हणाले," मी सांगितलं. त्या रात्रीपुरत्याही थांबल्या नाहीत. म्हशीला पाणी कोण दाखवणार, म्हणत संध्याकाळच्या एसटीने कापड्याला परत गेल्या.

पण नवऱ्याचे फोन पूर्वीसारखे राहिले नव्हते, हे खरं. आधी ते बंदरावरून फोन करायचे तेव्हा "बरी हायस ना?" आणि "जेवलात का?" एवढ्यावर आमचं संपायचं. आता ते पहिला प्रश्न विचारायचे, "आकडा किती?" आणि मी सगळं सविस्तर सांगायची. ते थांबून थांबून विचार करायचे. एकदा म्हणाले, "चालू असताना त्या ठोकळ्याच्या पात्यांना हात लाव. गरम हायत का बघ. पुढच्या वेळी सांग."

मी हात लावला. पाती जेमतेम कोमट होती. पुढचा फोन यायला बरेच दिवस लागले. तोपर्यंत शाळेतून येताना, मिनीडोर रिक्षात कोंबून बसलेली असताना, मी मनात तेच वाक्य घोळवत होते की लाइन तुटायच्या आत नीट सांगता यावं.

"कोमट?" ते म्हणाले. "आत ऐंशी नि वर कोमट? मग उष्णता वर येतच नाय. ठोकळा नीट टेकलेला नसणार. तू असं कर..." आणि लाइन तुटली.

परत फोन येईल म्हणून मी दोन दिवस वाट बघितली. रविवारी मशीन टेबलावर आडवं घातलं, पुस्तिका समोर ठेवली आणि एकटीने उघडलं. ठोकळा धरून ठेवणारे चार कोपऱ्यांत चार हुकांसारखे आकडे होते, त्यांपैकी एक अडकलेलाच नव्हता, नुसता काठावर टेकला होता. खिट्ट्या सोडवून ठोकळा हलकेच फिरवत उचलला. खालची पेस्ट एका बाजूला दबून पातळ पसरली होती. दुसऱ्या बाजूला ती लावली तशीच होती, त्यांच्या बोटाच्या रेघांसकट. मी ती बराच वेळ बघत बसले. मग कापूस स्पिरिटमध्ये बुडवून सगळं पुसलं, उरलेल्या ट्यूबमधली पेस्ट लावली, चारही आकडे बसल्याची खात्री केली आणि खिट्ट्या दाबल्या.

संध्याकाळभर मशीन चालू ठेवलं. आकडा पंचेचाळीसच्या आसपास राहिला. सांगायला घरात कोणी नव्हतं. सासूबाईंकडे फोन नव्हता. शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेल्या.

त्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं.

"ठोकळ्याचा एक आकडा बसला नव्हता."

ते म्हणाले, "मीच बसवला होता ना तो."

"आपण दोघांनी," मी म्हटलं.

"आता किती?"

"पंचेचाळीस."

"मग चांगलं हाय." लाइन स्वच्छ होती, इतकी की पलीकडच्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येत होता. मी वाट बघत होते आणि बहुतेक तेही बघत असावेत. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलीस?"

त्यानंतरचे फोन पुन्हा आखूड झाले. मी पत्रं मात्र पाठवायला लागले. शाळेतलं लिहायची, सावित्री नदीचं पाणी किती चढलं ते लिहायची. त्यांचं उत्तर दोन ओळींचं यायचं, तेही एखाद्या बंदरावरून. एक-दोनदा मनात आलं की मशीन पुन्हा बिघडावं. ते बिघडलं नाही.

पुढच्या रजेत ते आले तेव्हा आल्या आल्या त्यांनी पेटी उघडली, चारही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि "बरोबर बसवलायस" म्हणून झाकण लावलं. मग हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तसेच बसून राहिले. मी चहा ठेवला आणि सहज विचारलं, "तुमच्या इंजिनात किती तापतं हो?"

इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं. ते बोलू लागले. खाली उतरताना शिडीचा दांडा कसा चटके देतो, बोलणं ऐकू येत नाही म्हणून सगळे हातवाऱ्यांनी कसे बोलतात, वर आल्यावरही बराच वेळ शब्द कसे सुचत नाहीत. चहा निवला, तरी ते बोलत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही कापड्याला गेलो, तिथे आईसमोर ते पुन्हा पहिल्यासारखे गप्प झाले.

रजा संपल्यावर ते परत गेले. कॉम्प्युटर पुढे बरीच वर्षं बिनतक्रार चालला. त्यांची पत्रं दोन ओळींचीच राहिली, पण त्यातली एक ओळ आता बहुतेक वेळा इंजिनाबद्दल असायची.