सरीमधली तानाबाई

आकारामच्या सोप्यात मी भाड्यानं राहायचो. एका रविवारी उपकार करायची हुक्की आली आणि खुरपं घेऊन मी त्याच्या उसाच्या नव्या लागणीत उतरलो. मला ओळखू येत होता फक्त ऊस. जे ऊस नाही ते तण, असा सरळ हिशेब करून दुपारपर्यंत निम्मं रान साफ केलं आणि उपटलेल्याचा ढीग बांधावर रचून शाबासकीची वाट बघत बसलो.

शाबासकी द्यायला आली तानाबाई, आकारामची बायको. ढीग बघताच डोक्यावरची पाटी तिनं खाली आपटली.

"मास्तर, ही चवळी हाय! ही कोथमीर! पोरांस्नी बी असंच शिकिवतासा व्हय?"

मागून आलेला आकाराम मात्र खुलला. "बरं झालं की! आयतीच ब्याद गेली. आता सगळी करत्यात तसा निव्वळ ऊस, आनि वरनं युरिया."

तेव्हा कळलं, मी नुसती चवळी उपटली नव्हती, घरातली वाटणीच उपटली होती. साल चौऱ्याहत्तर. गडहिंग्लजच्या बाजूला पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसाचं बिल नवऱ्याच्या नावावर यायला लागलं. बायकोला उरली उसाच्या दोन ओळींमधली जागा. तिथं तानाबाई चवळी, घेवडा, कोथिंबीर लावायची. त्यावर घर खायचं, आणि बाजारात विकून येईल ते तिच्या कमरेच्या पिशवीत. शेंगा काढून झाल्या की वेल तिथंच मातीत गाडायची, वर शेणखत.

"ऊस तुमचा, मधली सरी माजी," तानाबाई नवऱ्याला म्हणाली. "मास्तरानं बोडकं केल्यालं रान तुमी घ्या, घाला काय पोती घालायची ती. ऱ्हायल्यालं माजं. त्यात चिमूटभर युरिया पडला तर गाठ माज्याशी हाय!"

पहिल्या साली तानाबाई सपशेल हरली. आकारामचा ऊस हिरवागार, उंच. तिचा त्याच्या खांद्याला. बांधावरून लोक विचारायचे, "काय तानाक्का, कोथमिरीचा गूळ कवा?"

"तुमच्या तोंडाला फासायपुरता निघंल की!" म्हणत ती पुन्हा चवळी टोकायची. मीही चार शब्द समजुतीचे सांगायला गेलो.

"मास्तर, तुमी रानात बोलायचं न्हाय," ती म्हणाली.

पुढं खोडव्याला, म्हणजे तोडलेला ऊस पुन्हा फुटून येतो त्या पिकाला, मात्र आकारामच्या तुकड्यात माती ढेकळं धरायला लागली. पाणी सोडलं की वर तळं, वाळलं की भेगा. पोती वाढली, ऊस खुजा झाला. तानाबाईच्या बाजूला कुदळ मारली की गांडुळं वळवळत वर यायची आणि पाणी जागच्या जागी मुरायचं. तिसऱ्या तोडीला दोन्हीकडचा ऊस कारखान्याच्या काट्यावर जवळजवळ सारखाच भरला. तिची चवळी त्यावर वरकड. काट्यावरून परत आल्यावर आकाराम दोन्ही पावत्या उलटसुलट करून बघत बसला.

मग हळूच माझ्याकडं आला. "मास्तर, माज्या तुकड्यात बी चवळी टाकावी म्हंतोय. पर त्यातली निम्मी मला सोड म्हनावं तिला. तुमी इचारा. मला वसकन अंगावर येती."

मी गेलो. तानाबाई शेंगा सोलत बसली होती. जरा लांबच उभा राहून म्हणालो, "आकाराम निम्मी चवळी मागतोय. काय सांगू?"

"उसाच्या बिलावर आदी माजं नाव घाला म्हनावं!"