सुलभाताईंचा लग्नाआधीचा वर्ग

लग्न ठरलेल्या मुलामुलींना सुलभाताई पहिल्याच दिवशी विचारायच्या, "तुजं तुला काय आवडतं?" मुलं हसायची, मुली खाली बघायच्या. एकाने पगार सांगितला तेव्हा ताई म्हणाल्या, "पगार कंपनी देते. तुजं सांग."

ताई पनवेलजवळच्याच गावातल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्तीनंतर नवीन पनवेलमध्ये समाजाच्या हॉलवर दर रविवारी त्यांनी हा वर्ग सुरू केला. मी समुपदेशक म्हणून त्यांच्यासोबत असायचे. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बायकांना त्यांनी वर्षानुवर्षं मलमपट्टी केली होती. "जो सवताला कमी समजतो, तो घरात दुसऱ्याला दाबतो, नायतर सवताच दबतो," असं त्या म्हणायच्या. आईबापांना यातलं काही नको असायचं. "मुलीला जरा ॲडजस्ट करायला शिकवा," एवढीच मागणी. ते गेले की ताई खुर्च्या आपटत आवरायच्या.

नितेश आणि प्राची आले तेव्हा त्यांच्या लग्नाला दीड महिना होता. नितेशने कॉलेज अर्धवट सोडलेलं. वडिलांच्या जमिनीला भाव आल्यामुळे दारात गाडी होती. कळंबोलीची प्राची इंजिनीअर. ती काही बोलली की हा हसून म्हणायचा, "हिला सगळंच कळतं." तिसऱ्या रविवारी तिने बोलणंच सोडलं.

ताईंनी त्याला माझ्यासमोर बाजूला घेतलं. "ती शिकलेली हाय म्हनून तुला लहान वाटतं. वाटू दे. पन त्याचा राग तिच्यावर काडू नको. लग्न जरा पुढं ढकल, माज्याकडं येत जा."

"येतो, ताई," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडीलच आले. "पत्रिका वाटून झाल्यात. माज्या पोरात काय कमी हाय?" त्यांच्या तक्रारीवरून हॉलच्या कमिटीने आठवड्याभरात वर्ग बंद केला. लग्न थाटात लागलं. वर्ष व्हायच्या आत प्राची माहेरी परतली, ती कायमचीच.

मग एका दुपारी ताईंच्या ओटीवर नितेश रडताना दिसला. तो दर रविवारी यायला लागला. माझा संताप झाला. "आता काय उपयोग, ताई?"

"लग्नाआदी कोन येत नाय, मोडल्यावर येतात," त्या थकून म्हणाल्या. "आलाय तं हाकलू काय त्याला?"

पुढे नितेश कोणी न सांगता प्राचीच्या वडिलांकडे गेला आणि "चूक माझी होती, तिची नाही," असं सांगून आला. ताईंना त्याचं फार समाधान वाटलं. मला वाटलं नाही. प्राचीचं ते वर्ष तर गेलंच.

यंदा उन्हाळ्यात ताई हृदयविकाराने गेल्या. त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. "ताईंनी किती संसार उभे केले," कमिटीचे अध्यक्ष माईकवरून बोलले. सभा संपल्यावर मी त्यांना गाठलं. "मग रविवारी हॉल द्या. वर्ग मी चालवते."

त्यांनी मोबाईलमध्ये बुकिंग पाहिलं.

"बघू, मॅडम," ते म्हणाले, "आधी लग्नसराई संपू द्या."