खदानीचा चढ

"उतरा! समदे उतरा खाली, गाडी हलकी करा!" मामा बोनेटवर थापा मारत ओरडत होते आणि मी स्टेअरिंगला लटकलो होतो. पुसेगावच्या पलीकडं जुन्या खदानींतून जाणारी ती वाट. एकेक खड्डा असा, की सकाळी त्यात उतरलेली म्हैस संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यात निघावी. ह्याच टेकड्या फोडून गुत्तेदारानं कळमनुरीकडची सडक गुळगुळीत केली आणि ज्यांचा दगड नेला त्यांना ही भोकं ठेवली. थोरल्या बहिणीच्या सासरी जायला दुसरी वाटच नव्हती.

ती गेल्याचा निरोप सकाळी गोरेगावच्या एसटीडीवर आला होता. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, ही आमच्याकडची रीत. पण दिवस मावळायला आला की रीतीसाठीही कुणी थांबत नाही. लुगडं आईच्या मांडीवर होतं.

चढ आला की उतारूंनी उतरायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं. सगळे उतरले. रिकाम्या जीपची मागची चाकं अशी गरगरली, की उडालेला मुरूम हिंगोलीच्या बाजारात पडला असेल.

"मामा, मागं वजन पाहिजे. बसा समदे."

"येडा झालास काय? रिकामी चढंना, अन् भरलेली चढंल व्हय? ढकला रे!"

ढकललं. जीप हातभर चढायची, दोन हात घसरायची. मामा मलाच शिव्या घालत होते. दिवस खदानीच्या कडेला टेकला. शेवटी आई कुणालाही न विचारता लुगडं छातीशी धरून मागच्या फळीवर जाऊन बसली.

"या, बसा इथं," एवढंच म्हणाली.

मग बाकीचे मुकाट चढले. जीप एका दमात वर गेली. गाडी आपण ढकलून काढली, असं मामा पुढं वर्षभर लग्नाकार्यात सांगत फिरले.

गावात शिरलो तेव्हा माणसं नदीवरून अंघोळी करून परतत होती. दाजी ओल्या कपड्यांनीच समोर आले. आईनं लुगडं पुढं केलं. त्यांनी हात लावला नाही.

"शेजारणीनं दिलं, तेच नेसवलं," ते म्हणाले. "तुमी अंधाराच्या आत निघा. वाट खराब हाय."