गाळलेला प्रवेश

गणपतीसाठी कापसाची वस्त्रं करणाऱ्या आमच्या मंडळातल्या बायकांनीच यंदा अमेरिकेच्या संस्थापकांचे टोप केले. पोहायच्या जुन्या टोप्यांवर कापूस चिकटवायचा, दोन्ही कानांवर वळकट्या बसवायच्या, मागे काळी रिबन बांधायची. त्या बायकांत मीही होते. देशाला अडीचशे वर्षं होत होती, म्हणून गणपतीच्या कार्यक्रमात लावणी आणि मुलांच्या फ्यूजन डान्सच्या मध्ये एक ऐतिहासिक एकांकिका हवी, असं मंडळातल्या ज्येष्ठ काकांनी ठरवलं. ती लिहिली माझ्या मुलीनं. तो कापूस अजून गराजमध्ये पडला आहे. दिसला की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

काका म्हणजे निवृत्त हार्टचे डॉक्टर. इथे व्हर्जिनियात, हर्नडनला मोठं घर, खाली नाटकाच्या तालमी होतील एवढं बेसमेंट. ते आले तेव्हा या देशाला डॉक्टर हवे होते. ग्रीन कार्ड त्यांच्या हातात कसं पडलं, हे त्यांना नीट आठवतसुद्धा नाही. माझा नवरा अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो आणि मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हापासून त्याच कार्डाच्या रांगेत उभा आहे. आपल्या देशातून आलेल्यांची रांग इतकी लांब आहे, की तिचं टोक दिसत नाही. मी कधी हा विषय काढला, की काका प्रेमानं म्हणायचे, "होईल गं. सगळ्यांचं होतं." त्या वाक्याचा मला इतका राग येतो, की मी चहा पीत असताना कुणी ते म्हटलं तर कप खाली ठेवावा लागतो.

रांगेतल्या माणसांची मुलं एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच आईबापांच्या अर्जाला चिकटून राहू शकतात. त्यानंतर त्यांनी आपला व्हिसा आपण मिळवायचा, नाही तर देश सोडायचा. माझी मुलगी तीन वर्षांची असताना आम्ही नागपूरहून इथे आलो. तिचा एकविसावा वाढदिवस ऑगस्टमध्ये होता आणि नाटक सप्टेंबरमध्ये. हे मला, नवऱ्याला आणि तिला ठाऊक होतं. मंडळात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिचं इंग्रजी ऐकून ती इथेच जन्मली असं सगळे धरून चालत. तीही कुणाला सांगत नसे.

नाटक तिनं झकास लिहिलं होतं. कॉलेजात तिचा विषयच तो. स्वातंत्र्य मिळालं खरं, पण तेरा राज्यांचं केंद्र नावापुरतंच होतं. त्याला कर बसवता येईना, सैनिकांचे पगार देता येईनात, राज्यं एकमेकांच्या मालावर जकात लावायची. मग उन्हाळ्यात राज्यघटना लिहायला प्रतिनिधी जमतात, बाहेर बातमी फुटू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात आणि उकाड्यात घामाघूम होत भांडतात. मोठी राज्यं म्हणतात, माणसांच्या संख्येप्रमाणे कायदेमंडळात जागा द्या. छोटी म्हणतात, सगळ्यांना सारख्या द्या. शेवटी दोन सभागृहं करून दोघांचीही समजूत काढतात. आमच्या तालमी बिनखिडक्यांच्या बेसमेंटमध्ये होत असल्यामुळे काका दर वेळी म्हणत, की बघा, वातावरणनिर्मिती आपोआप झाली. पुण्याचा प्रतिनिधी आणि मुंबईचा प्रतिनिधी वाक्य कुणाचं आधी यावरून खरेच भांडत, त्यामुळे अभिनयाची फार गरज पडत नव्हती.

मधला एक प्रवेश मात्र वेगळा होता. माणसांच्या संख्येवर जागा द्यायच्या, तर मोजायचं कुणाला? दक्षिणेकडच्या जमीनदारांना आपले गुलाम मोजून हवे होते. मत द्यायला नाही, माणूस म्हणून वागवायला तर मुळीच नाही. फक्त मोजायला, म्हणजे त्यांच्या जिवावर मालकांच्या जागा वाढतील. घासाघीस होते आणि पाच गुलामांची तीन माणसं धरायची असं ठरतं. तेव्हा उत्तरेकडचा एक प्रतिनिधी उठून विचारतो, "मोजताना ही माणसं आहेत. मग बाकीच्या वेळी कोण आहेत?" हे वाक्य कुठल्या कागदपत्रातलं नाही, माझ्या पोरीचं आहे. त्यावर एक जण खिडकी घट्ट लावून घेतो आणि प्रवेश संपतो.

काकांनी तो काढून टाकला.

चिडून वगैरे नाही. हातात चिवड्याची वाटी घेऊन, हसत. म्हणाले, नाटक छान आहे, पण काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कारभारातल्या, पाहुण्या बाई येणार आहेत, लहान मुलं असणार, गणपतीचा सण आहे. मुलगी म्हणाली, "काका, हा सीन काढला तर बाकीचं खोटं होतं. त्यांनी गव्हर्न्मेंट कसं बनवलं याचाच तो पार्ट आहे." तिचा आवाज शांत होता. काका म्हणाले, "अगं, सेलिब्रेशन आहे ना? आणि तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस? यू आर अ‍ॅन अमेरिकन किड." बेसमेंटमधल्या सगळ्यांनी मान डोलावली. माझा नवरा कापसाचा टोप मांडीवर घेऊन खाली बघत बसला होता. मला तेव्हाच बोलायचं होतं. मुलीनं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, म्हणून मी गप्प राहिले.

मी गुलामांशी आमची तुलना करत नाही, तेवढी अक्कल मला आहे. त्यांच्या पाठीवर चाबूक होता, माझ्या अंगणात हायड्रेंजियाची फुलं आहेत. पण दर दहा वर्षांनी या देशात शिरगणती होते आणि तीत दारामागचा प्रत्येक जण मोजला जातो, नागरिक असो वा नसो. आम्हीही मोजले गेलो. त्या आकड्यांवर व्हर्जिनियाच्या जागा ठरतात, त्या जागांवर बसलेले लोक आमच्या रांगेवर भाषणं करतात. मोजताना माझी मुलगी पुरी एक धरली होती, पाऊण नाही की अर्धी नाही. एकविसाव्या वर्षी ती शून्य कशी होते, हे मला एकदा कुणीतरी समोर बसून समजावून सांगावं.

स्टुडंट व्हिसाचा मार्ग होता. त्यासाठी शिक्षण झाल्यावर आपण मायदेशी परत जाऊ, असं पटवून द्यावं लागतं. मायदेश म्हणजे नागपूर, जिथलं तिला आजीच्या घरचा कूलर आणि एक कुत्रं एवढंच आठवतं. वकिलानं सांगितलं, लिहायचं तसं लिहू. ती म्हणाली, मी खोटं लिहिणार नाही. मी तिच्यावर ओरडले, तिला हट्टी म्हटलं, रडलेसुद्धा. अखेर तिनं काहीतरी मोघम लिहिलं आणि अर्ज नाकारला गेला. ही मुलगी परत जाईल असं वाटत नाही, असा अधिकाऱ्यांचा निष्कर्ष. एवढ्या वर्षांत या देशानं तिला एकदाच बरोबर ओळखलं, आणि तेच तिला घालवायचं कारण ठरलं.

तिनं टोरांटोच्या एका विद्यापीठात बदली करून घेतली. वाढदिवसाच्या आधी आम्ही तिला गाडीनं सोडून आलो. सीमेपलीकडे तिनं कपाटात पुस्तकं लावली आणि मला म्हणाली, "यू गाइज शुड गो, ट्रॅफिक लागेल." घरी आल्यावर नवऱ्यानं मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, की लेकीला टोरांटोला अ‍ॅडमिशन मिळाली. खाली फुलं, टाळ्या, अभिनंदनं. मी त्याला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "खोटं काय आहे त्यात? आणि दुसरं काय लिहू?" त्याचा चेहरा बघून मी विषय तिथेच सोडला, पण त्याला माफ केलं नाही.

नाटक झालं. टोप बरे दिसले, एकाचा कानावरचा कापूस गळून प्रेक्षकांत हशा पिकला, दोन्ही सभागृहांवर तडजोड झाली, सगळ्यांनी सह्या केल्या आणि टाळ्या वाजल्या. मग आमचा दरवर्षीचा कौतुक समारंभ. ज्यांच्या मुलांनी काही केलं असेल त्यांना स्टेजवर बोलावून नारळ आणि शाल देतात. आमच्याकडे अपयश कुणाच्या घरात येतच नाही, कारण त्यासाठी नारळ नाही. काका नाटकातल्या अध्यक्षाच्या टोपातच माइकवर आले. म्हणाले, आजच्या नाटकाची लेखिका, आपल्या मंडळाची लाडकी लेक, उच्च शिक्षणासाठी परदेशी गेली आहे. तिच्या वतीनं तिच्या आईनं नारळ स्वीकारावा.

परदेशी.

मी स्टेजवर गेले. नारळ घेतला नाही, माइक घेतला. म्हणाले, "माझी मुलगी गेली नाही. ती एकवीस वर्षांची झाली म्हणून तिला या देशातून जावं लागलं. तिनं लिहिलेलं एक वाक्य आज नाटकात नव्हतं, ते मी म्हणते." आणि म्हटलं. मोजताना ही माणसं आहेत. मग बाकीच्या वेळी कोण आहेत?

पहिल्या रांगेतल्या पाहुण्या बाईंनी वर बघून काकांना विचारलं, मी काय म्हणाले. काका सवयीनं हसले आणि त्यांना म्हणाले, "शी इज व्हेरी प्राउड."

"नो," मी म्हणाले, आणि सगळं पुन्हा इंग्रजीत सांगितलं. माझं इंग्रजी काही फार चांगलं नाही, रागात तर व्याकरणाचा पार बोऱ्या वाजतो. पण बाईंना समजलं. त्यांनी मान खाली घातली. मागच्या रांगांत, जिथे ग्रीन कार्डाच्या रांगेतली कुटुंबं बसतात, तिथे एक आई आपल्या शाळकरी मुलीचा हात घट्ट धरून बसलेली मला दिसली. काकांनी टोप काढला होता. मी खाली उतरताना ते हळूच म्हणाले, "मला माहीत नव्हतं गं." मी म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठे होतंत, काका?" मला त्यांची दया आली नाही.

घरी येताना गाडीतूनच मुलीला फोन लावला. तिनं आधी टोपांची चौकशी केली. कापूस गळल्याचं ऐकून खूप हसली. मग तिनं विचारलं, "अँड माय सीन? काकांनी ठेवला का शेवटी?"

"झाला तुझा सीन," मी म्हणाले.

"रिअली? हू डिड इट?"

शेजारी नवरा गाडी चालवत होता. त्यानंच उत्तर दिलं, "तुझ्या आईनं."