बाबांच्या गाठी

माळ्यावरचं तागाचं जुनं जाळं आज खाली काढलं. ते ज्यात रंगवलं होतं त्या ऐनाच्या सालीचा तुरट वास अजून त्याला येतो, आणि माझा मलाच संताप येतो.

आम्ही काशीदला राहायचो तेव्हा बाबांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. काका म्हणाले, गप निजून राहा. बाबा कसले ऐकतात! रोज दुपारी पडवीत बसून लुळ्या बोटांत लाकडी सुई अडकवायची आणि घाम गाळत जाळ्याच्या चार गाठी मारायच्या. सगळ्या ढिल्या. बाबा आत गेले की, काका त्यांना हसतील म्हणून, मी त्या सोडून घट्ट मारून ठेवायची. बारा वर्षांची होते. काय पण शहाणपण!

महिन्याभराने त्यांनी मला पकडलं.

"सकाळी गाठी बगून वाटायचं, हात सुदरतोय," जड जिभेने ते ओरडले, "त्या तुज्या व्हत्या?"

सुई अंगणात भिरकावली. पुन्हा कधी तिला हात लावला नाही.

आज सगळं जाळं बोटांनी चाचपलं. एक ढिली गाठ सापडेल तर शपथ! बाबांची एकही मी ठेवली नाही.