न सुटलेली जोडी

कॉलेजात त्यांना सगळे कळीमामा म्हणत. हुद्दा प्रयोगशाळा परिचराचा, पण नाव पडलं ते कांद्याच्या कळ्यांवरून. प्रयोगशाळेमागे त्यांनी कांद्याचा एक वाफा राखला होता आणि त्यातला एकही कांदा आजवर कुणाच्या स्वयंपाकात गेला नव्हता. दांडे वर येऊन फुलं धरू लागली, की मामा रोज सकाळी चिमटा घेऊन वाफ्यावर ओणवे होत. कळी मोठी झाली तर आतलं काम आटोपलेलं, लहान असली तर सुरूच झालेलं नाही. मधली नेमकी कळी ओळखण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि त्यात कुणाला काडीचाही रस नव्हता.

आतलं काम म्हणजे अर्धसूत्री विभाजन. कुणी विचारलं तर मामा ते सोपं करून सांगत. पण विचारतो कोण? प्रत्येक पेशीत गुणसूत्रं जोडीनं असतात, एक आईकडचं, एक बापाकडचं. पुढच्या पिढीला त्यातलं निम्मंच द्यायचं, नाहीतर दर पिढीला ढीग दुप्पट होत जाईल. म्हणून पराग किंवा अंडं तयार होताना जोडीतली दोघं आधी शेजारी येतात, आपसात तुकड्यांची अदलाबदल करतात, म्हणून तर सख्खी भावंडंही एकसारखी निघत नाहीत. मग जोडी सुटते, एक इकडे, एक तिकडे. त्यानंतर आणखी एक वाटणी होते. कांद्यात सोळाचे आठ, माणसात सेहेचाळीसचे तेवीस. हे सगळं भिंगाखाली दिसतं. पण मुलं कळी दणादण ठेचून तिचा चिखल करायची, पुस्तकातली आकृती वहीत उतरवायची आणि पूर्ण गुण घेऊन जायची. मामांचं डोकं फिरायचं.

घरी त्याहून वाईट परिस्थिती होती. त्यांची सून शाळेची बस चालवायची. चिंचोळ्या गल्लीत चाळीस सीटची बस ती एका दमात मागे घ्यायची. तिचं दोनदा तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. दुसऱ्या वेळी दवाखान्यानं तपासणी केली. बाळात एक गुणसूत्र जास्त होतं, एक जोडी सुटलीच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, यात कुणाचा दोष नाही.

पण मामांच्या बायकोला ते पटेना. "कागदावर काय, काहीही लिहितात," ती म्हणाली. "दिवसभर बसचे धक्के खाल्ल्यावर दुसरं काय होणार?"

मामांनी दारातल्या चपला जोडीजोडीनं मांडून समजावून बघितलं. मुद्दाम तीन चपला एका बाजूला ठेवल्या. बायको म्हणाली, "आधी त्या होत्या तिथं ठेवा." मुलगा म्हणाला, आई म्हणते ते एकदा ऐकून बघू. सुनेनं राजीनाम्याचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला, सोमवारी द्यायचा म्हणून. रात्रंदिवस तिला वाटत होतं की आपण स्टेअरिंगवर बसून दोन लेकरं मारली. मामांना ते बघवत नव्हतं, आणि बायकोशी डोकं लावून उपयोग नव्हता. ती एकदा धरलं की सोडायची नाही. बादलीचंच घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून ती बादली अर्धीच भरायची आणि दोन खेपा घालायची. का, ते सांगायची नाही. मामा त्यावरूनही रोज चिडायचे.

शुक्रवारी सकाळी मामांनी प्रात्यक्षिकासाठी कळी घेतली, रंगाचा थेंब टाकला, काच ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबली. भिंगाखाली बघतात तर एका पेशीत मोजणी जुळेना. आठ-आठ हवीत तिथं एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला नऊ; एक जोडी सुटलीच नव्हती. तीस वर्षांत त्यांनी हे इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. ते धावत विषय शिकवणाऱ्या मॅडमना बोलवायला गेले.

मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "मामा, ही काच पुसून टाका. उद्या परीक्षेत मुलं गोंधळतील."

मामांनी पुसली नाही. टेबलाच्या खणात मुलींची विसरलेली नेलपॉलिशची बाटली होती, त्या पॉलिशनं काचेच्या कडा बंद केल्या. तरी आतली पेशी फार दिवस टिकणारी नव्हती. त्यांनी घरी फोन करून सांगितलं, उद्या दुपारी दोघीही कॉलेजात या.

बायको आली ती कपाळाला आठ्या घालूनच. स्टुलावर बसून एक डोळा मिटला. "काळे जाड दोरे दिसतायत."

"त्या तुझ्या पापण्या आहेत. जरा मागे हो."

"आता काहीच दिसत नाही."

एवढं करून हिला पापण्याच दिसणार असतील तर डोकं आपटायचं कुठं? मामांनी फोकस पुन्हा नीट केला. बायको ओठ हलवत मोजू लागली. सात. नऊ. पुन्हा मोजलं. सात. नऊ.

"मॅडमनी काही चुकीचं केलं असेल."

"कळी मी तोडली, मीच दाबली. त्याआधीच हे झालं होतं."

मग सून बसली. ती बराच वेळ उठली नाही. "बाबा, हे झाड कुठं होतं?"

"त्या खिडकीखाली. लावल्यापासून जागचं हललेलं नाही."

सुनेनं डोळा काढला नाही, पण तिचे खांदे गदगदायला लागले. मामा वळून बायकोला म्हणणार होते, बघ, आता तरी बघ. बोलायची भलीमोठी तयारी करून आले होते. पण बायको त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती खिडकीतून वाफ्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "मग ती बादली नव्हती?"

मामांना आधी कळलंच नाही. मग कळलं. मुलाच्या आधी एक होतं, तिसऱ्या महिन्यात गेलेलं. त्या सकाळी तिनं भरलेली बादली उचलली होती. बादलीनंच झालं, असं त्यांची आई म्हणाली होती, आणि ते तिथंच बसून पेपर वाचत होते. पुढे कॉलेजात लागले, दरवर्षी पोरांना गुणसूत्रं दाखवत राहिले. त्या पोरांच्या नावानं तीस वर्षं खडे फोडले, पण घरी येऊन हिला एकदाही काही सांगितलं नाही.

"बहुतेक नव्हती," ते म्हणाले. "नक्की आता कोण सांगणार. पण बहुतेक नव्हती."

बायकोनं मान हलवली. मग सुनेपुढे हात केला. "तो अर्ज दे इकडं."

सुनेनं पर्स उघडून अर्ज दिला. बायकोनं तो घडी करून कमरेला खोचला आणि पुन्हा स्टुलावर बसली. "परत दाखवा," ती म्हणाली, "मी पापण्या मागे घेते."