रामदासभाऊंचा रिकामा रकाना

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही. वाटल्यास हसा... झालं ते सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सौंसरजवळ बोरगावच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो, पांढुर्ण्याहून बसने जाणं-येणं. कामगारांची हजेरी त्या एकुलत्या कॉम्प्युटरवर असायची. चारला फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा, अर्धा तास, मग पाचची बस. घरी बाबा अर्धांगवायूने पडून. दिवसा शेजारच्या काकू बघायच्या, पण जेवण मात्र माझ्याच हातून. काकूंनी चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायचे. पाचची बस चुकली की रात्री नऊपर्यंत उपाशी.

आणि एकाएकी बॅकअपला दोन-अडीच तास लागायला लागले! फ्लॉप्या बदलल्या, ड्राइव्हचं हेड पुसलं. नागपूरहून इंजिनिअर आला, चहा प्यायला, "मशीन चांगली आहे" म्हणून निघून गेला. जीव मेटाकुटीला आला होता. आठव्या दिवशी स्क्रीनसमोर नुसता बसून राहिलो, तेव्हा दिसलं — नोंदींची मोजणी दर वेळी एकाच नोंदीवर अडते. स्टोअरच्या रामदासभाऊंच्या.

भाऊ आठ दिवसांपूर्वीच वारले होते. छातीत दुखतंय म्हणून भरदुपारी निघाले, दारातून मला "येतो" म्हणाले. मी खुळा... येतो म्हणाले म्हणून हजेरीत त्यांची जाण्याची वेळ भरलीच नाही. सौंसरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं.

मागे शिपाई गुलाबराव उभे होते. म्हणाले, "अरे बाप्पा, तो त अजून ड्यूटीवरच हाये! घरी जाऊ दे नं त्याले. काहून अडवून राहिला?"

असे रिकामे रकाने इतरांचेही होते, तिथे मशीन कधी अडली नव्हती. चिडूनच आकडे टाकले — १२.४०. बॅकअप पंचवीस मिनिटांत संपला. मी बसकडे पळत सुटलो.

त्या संध्याकाळी बाबांनी चार घास वरणभात खाल्ला. "पोट भरलं," म्हणाले. पहाटे गेले.

तेरावं झाल्यावर कामावर आलो आणि मुद्दाम भाऊंचा तो रकाना पुन्हा रिकामा करून पाहिला. काही अडलं नाही. का, ते आजतागायत कळलेलं नाही. बॅकअप वेळेत झाला, पाचची बसही मिळाली... घरी जेवायचं कोणी थांबलं नव्हतं.